सुकटीला धूर लागतो

चिंचणी,
६ मे १९९३

नामदेव,

वर आशीर्वाद लिहायची रीत हाय, ती मला ठाऊक हाय. तू समोर आलास की तोंडानं देईन. येत नायस तर पोस्टानं कशाला पाठवू. बोईसरहून यष्टीत बसलास तर इथं पोचेपर्यंत डब्यातली भाकर निवत नाय, आणि तू चार वर्षं कार्डं टाकतोस जसा काय दुबईला हायस.

कार्ड मिळालं. आधी पोस्टमननं वाचलं, मग शेजारच्या सोजराबाईनं, मग मी. उघडं कार्ड टाकलंस म्हणजे आळीनं वाचावं हीच तुझी इच्छा असणार, ती पुरी झाली. लिहितोस, "हंसा सोजराबाईबरोबर लग्नाला आली होती, तेव्हा तिचा खोकला ऐकला. आय, तुझ्या चुलीच्या धुरानं माझ्या पोरीची छाती भरली. तिला मी घेऊन जातो. आमच्याकडे गॅस आहे."

माझी पोर! तिची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. वर्षश्राद्धाचा भात शिजायच्या आत तू दुसरं लग्न केलंस, चंद्रकांताला घेऊन कंपनीच्या क्वार्टरात गेलास आणि ही माझ्या ओटीवर राहिली. तेव्हा अडचण होती, आता आठ वर्षांची झाली, पाणी भरते, भांडी घासते, तर छाती आठवली. खोकला म्हणशील तर पोरं खोकतातच. तू स्वतः दहा वर्षांचा होईस्तवर खोकत होतास, आणि बोटीवर नेला की ओकत होतास. समुद्राला ओकणारा मंगेला कोळी मी तुझ्याखेरीज दुसरा पाहिला नाय. म्हणून तर बॉयलरपुढं उभा राहिलास. आग हलत नाय.

आता धुराचं ऐक. डोंगरातली नवसी तुला आठवत असेल, कपाळावर गोंदलेली. ती धावड्याची मोळी आणायची. सुकी खणखणीत लाकडं, एकमेकांवर आपटली तर भांड्यासारखी वाजायची. मी तिला सुकट द्यायची, ती मोळी टाकायची, पान खायची, जायची. त्या लाकडाला धूर असा नव्हताच. आता नवसी येते ती रिकाम्या डोक्यानं. मला म्हणते, "आज्ये, लाकूड ट्रकात जातं. ठेकेदार बुंध्यातूनच कापतो. आमाला पाला ऱ्हातो." मी विचारलं, कुठं जातो ट्रक? तर म्हणे बोईसरला, रंगाच्या कारखान्यात, बॉयलरला.

कोणत्या बॉयलरला, ते तुला सांगायला नको. त्याच्यापुढं माझा लेक खाकी घालून उभा असतो.

मग मी झावळ्या जाळते. नारळाची सोडणं जाळते, सुरूच्या ओल्या फांद्या जाळते. त्याचा धूर होतो. माझी मोळी तुझ्या बॉयलरनं खाल्ली आणि ढेकर माझ्या चुलीच्या नावावर लिहितोस.

हंसा कुठं येणार नाय.

आय


चिंचणी,
२२ जून १९९३

नामदेव,

तुझ्या शेठची जीप गावात येऊन गेली. त्यातून एक बाई उतरली, पांढरी साडी, गॉगल. समाजमंदिरात आमा बायकांना बसवलं आणि भिंतीवर चित्र टांगलं. चित्रात एक चूल, चुलीतून धूर, धूर वर जाऊन पृथ्वीच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला. म्हणाली, "तुमच्या चुलीत लाकूड जळतं, त्याचा वायू वर जातो. त्याची पृथ्वीभोवती गोधडी होते. सूर्याची उष्णता आत येते, बाहेर जात नाही. म्हणून जग तापत चाललंय."

आपल्या आळीतली साखरबाई म्हणाली, "बाय, आमच्या आळीच्या चुलींच्या गोधडीत सगळं जग मावतं? आमची पोरं तर मावत नाय."

सगळ्या हसल्या. मग मी विचारलं, "आणि बोईसरच्या धुराड्यांचं काय होतं वर जाऊन? मच्छरदाणी?"

बाई म्हणाली, "आजी, तो वेगळा विषय आहे."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, पण वेगळा विषय म्हणजे काय ते मला कळतं. ज्याच्या जीपमधनं आलो त्याच्याबद्दल बोलायचं नाय, हा वेगळा विषय. राग मला बाईचा नाय आला. ती पगारी हाय, उन्हात भाजली होती, तिला मी नारळ फोडून दिला. राग चित्राचा आला. त्या चित्रात एकसुद्धा कारखाना नव्हता. एवढा मोठा पृथ्वीचा गोळा काढला आणि त्यावर फक्त माझी चूल.

तर आता निर्धूर चूल आली. घरोघर फुकट. मातीचा ओटा, दोन वैलं, मागून पत्र्याची नळी कौलातून वर. नळीवर तुझ्या शेठच्या कंपनीचं नाव रंगवलंय, लाल रंगात, कौलावर चढून कावळ्यांनी वाचावं म्हणून. गवंड्यानं माझी जुनी चूल पहारीनं फोडली. ती मी लग्न होऊन आले तेव्हा घातली होती. मी मागच्या दारी गेले, गवंड्याला वाटलं रडायला गेले. मी झावळ्या आणायला गेले होते.

धूर बाहेर जातो. खरं ते लिहिते. भांडी कमी काळी होतात, डोळे चुरचुरत नाय. आणि हंसाचा खोकला उतरला. हे मी लिहिणार नव्हते, पण पोरीनं मागून वाचलं आणि म्हणाली, "आजी, बाबाला ते पण लिही ना." म्हणून लिहिलं. याचं पुण्य तू तुझ्या शेठला देऊ नकोस. ज्यानं सुकी मोळी पळवली त्यानं नळी दिली. पाय मोडून कुबडी देणाऱ्याचे पाय धरायची आमच्यात चाल नाय.

पोर बरी हाय. तेव्हा आता कार्डं बंद कर.

आय


चिंचणी,
३० ऑगस्ट १९९३

नामदेव,

पोरीला तू नेलंस त्याला आठवडा होऊन गेला. कशी हाय ते कळवायचं सुचलं नाय. म्हणून मीच लिहिते, आणि झालं ते माझ्या तोंडानं लिहिते, नायतर तू सोजराबाईचं ऐकून बसशील.

तू कोळ्याच्या घरात जन्मलास, पण विसरलास, म्हणून आठवण देते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर असतात. उन्हाळ्यात वलांडीच्या बांबूंवर वाळवलेले बोंबील, सुकट, करंदी चुलीवरच्या माळ्यावर रचायची आणि नारळी पुनवेपर्यंत त्यावर खायचं, त्यातलंच बाजारात विकायचं. माळा चुलीवरच का, तर सुकटीला धूर लागतो. खालून धूर मिळाला तर मासळी कोरडी राहते, किडा जवळ येत नाय. कुडाच्या भिंतीला भुंगा लागत नाय. धूर आमच्या घरात फुकट राबत होता. तो गॉगलवाल्या बाईच्या चित्रात नव्हता.

नळीनं धूर कौलाबाहेर गेला आणि आषाढ संपायच्या आत माळ्यावर आळ्या झाल्या. साखरबाईचे बोंबील हलायला लागले, वाळवलेले मासे पुन्हा जिवंत झाले म्हणून ती हसली आणि मग बसून राहिली. माझी सुकट भिजल्या कुळथासारखी झाली. पावसाचे दोन महिने पुढं होते आणि माळ्यावर किडे.

तेव्हा आळीत एक अक्कल निघाली. कोणी काढली ते लिहीत नाय. कौलातून वर गेलेली नळी आतूनच कापायची आणि तोंड माळ्याखाली वळवायचं. धूर थेट सुकटीला. चूल शेठची, धूर आपला. पंधरा दिवसांत आळीतल्या सगळ्या नळ्या वळल्या. बाहेरून बघावं तर कौलावर कंपनीचं नाव तसंच, आत सगळा धूर घरात. किडा गेला. आमी फार हसलो.

जुन्या चुलीचा धूर घरभर फिरायचा, कुठून कुठून निघून जायचा. हा एका जागी जाड होऊन यायचा, कापसाच्या गाठोड्यासारखा. आणि पाऊस असला की हंसाची बसायची जागा माळ्याच्या शिडीवर, ते तुला माहीत हाय. तिथं बसून पुस्तक वाचते.

दुपारची भाकरी थापत होते. वरून पुस्तक पडलं. मी म्हटलं, "सांभाळ ग, फाटेल." वर बघते तर पोर शिडीला धरून, तोंड उघडं, आत हवा जात नाय आणि बाहेर येत नाय, ओठ निळसर. ओढून ओटीवर आणली. रामूच्या टेम्पोत मासळीच्या पाट्यांवर घालून डॉक्टरकडे नेली. त्यानं सुई टोचली, वाफ दिली. सुटलं.

निरोप मिळाला तसा तू आलास. खाकीवर काजळी, हातावर तेल. चार वर्षांनी आईचं तोंड बघितलंस आणि पहिला शब्द काय, तर "आय, नळी कोणी कापली?"

सोजराबाई, जिला कोणी बोलावलं नव्हतं, ती म्हणाली, "हिनंच आधी. मग आमी हिचं बघून."

तू डॉक्टरसमोर म्हणालास, "सुकट वाचवलीस ना?"

त्या दिवशी तू पोरीला उचललंस आणि मी वाट सोडली. तू बरोबर होतास म्हणून नाय. पोर तुझ्या खांद्यावर मान टाकून श्वास घेत होती, आणि श्वास घेणाऱ्या माणसाला हलवायचं नाय असं डॉक्टर म्हणाला होता.

वाफेचं औषध वेळेवर दे. अंडं खात नाय ती, बोंबलाचं कालवण खाते. चंद्रकांताला सांग, तिखट कमी.

आय


चिंचणी,
३ नोव्हेंबर १९९३

नामदेव,

काल न कळवता आले त्याचा तुला राग आला. कळवलं असतं तर तू खिडक्या पुसून ठेवल्या असत्यास.

तुझ्या बायकोबद्दल मी आजवर जे बोलले त्यातलं निम्मं मागं घेते. निम्मंच. चंद्रकांतानं मला पाटावर बसवलं, गॅसवर चहा केला, काडी ओढली की निळी ज्योत, ना धूर ना राख. मी म्हटलं, "ही आग हाय की देव्हाऱ्यातली समई?" ती म्हणाली, "आत्याबाई, सिलिंडर संपला की नंबर लावून बसावं लागतं, तेव्हा घासलेटचा स्टोव्ह." घर स्वच्छ. भिंत पांढरी. मला वाटलं, हरले मी.

मग बघितलं, सगळ्या खिडक्या बंद. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात. हंसा खाटेवर, पातळ झालेली. दाराशी दोरीवर तुझा सदरा वाळत होता, मी हात लावला तर बोटं काळी. चंद्रकांता म्हणाली, "धुतलेलाच आहे हो. तिसऱ्यांदा."

मी म्हटलं, खिडकी उघड. तर पोरच म्हणाली, "नको आजी, आता चारचा भोंगा होईल."

भोंगा झाला. चंद्रकांता उठून दाराखाली ओलं फडकं लावायला गेली, जशी सवय असते तशी. मी काचेतून बघितलं. तुमच्या क्वार्टराच्या डोक्यावरच ते धुराडं. आधी पिवळं आलं, मग काळं, मग रबर जळल्याचा वास दार बंद असून आत. पोर खोकायला लागली. माझ्या घरी खोकायची तो खोकला वेगळा होता, ओला. हा सुका, कुत्रं भुंकावं तसा.

तुझा डबा घेऊन मीच कारखान्याच्या गेटवर आले. तुमचा वॉचमन भय्या म्हणाला, "माताजी, इधर खड़े मत रहो, राख गिरती है." मी म्हटलं, "मेरा लडका उधर खडा हाय, तो मैं भी खडी रहेगी." त्यानं आत सोडलं. माझ्या हिंदीला घाबरला असेल.

तर पाहिला तुझा बॉयलर. एवढं लोखंड, आणि शेवटी हायच काय, चूलच! दार उघडून लाकूड कोंबतोस, लोखंडी दांड्यानं राख ओढतोस. मी सकाळी उठून जे करते तेच तू पगार घेऊन करतोस. बाजूला धावड्याचे ओंडके रचलेले. मी ओळखले. आणि त्यांच्यावर काय, तर फाटके टायर, तेलाची चिंधी, रंगाच्या पिंपांच्या फळ्या. मी विचारलं, हे पण? तू म्हणालास, "काळं तेल महाग झालंय. शेठ म्हणतो, जळतं ते सगळं जाळा."

"किती खातो हा?"

"रोज एक ट्रक. सण असला तरी."

"आणि गावात येऊन चुली मोजतो."

तुझ्याबरोबर लाकडं टाकणारा सोबती हसला, तू नाय हसलास. म्हणालास, "आय, हळू बोल." माझा नवरा वादळात हाका मारायचा त्या किनाऱ्यापर्यंत ऐकू यायच्या. त्याचा मुलगा, आग पुढ्यात असताना म्हणतो हळू बोल. तेव्हा मी खरंच मोठ्यानं बोलले. काय बोलले ते तू ऐकलंस, पुन्हा लिहीत नाय. तुझ्या फोरमननं पण ऐकलं, ते बरं झालं.

मग क्वार्टरात परत येऊन मी हंसाचा हात धरला आणि दाराकडं निघाले. तू मागून आलास. ओरडला नायस. एवढंच विचारलंस, "कुठं नेतेस, आय? तुझ्या माळ्याखाली?"

मी दारात उभी राहिले. माझ्या तोंडाला उत्तर नाय असं आळीत कोणी ऐकलं तर उपास सोडून बघायला येईल. पोर एकदा माझ्याकडं बघते, एकदा तुझ्याकडं. मी तिचा हात सोडला आणि यष्टी गाठली.

सबंध रस्ता मी तुला शिव्या दिल्या आणि एकही लागू पडेना. झावळ्या मी लावते, टायर तू लावतोस. तुझं पाप ट्रकभर आणि माझं कवळभर, हे मी देवापुढंसुद्धा सांगेन. पण पोरीची छाती वजनकाटा नाय. ती खोकते एवढंच तिला कळतं.

भाऊबीजेला माकुणसारहून राही तुझ्याकडं येईल. तुझी थोरली बहीण, तिच्याकडूनही तू तीन वर्षं ओवाळून घेतलं नायस. ओवाळल्यावर ताटात काय घालायचं ते तीच सांगेल. तेव्हा खिशात हात घालू नकोस.

आय


चिंचणी,
१७ जानेवारी १९९४

नामदेव,

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवत नाय, गोड बोलायचं मला जमत नाय आणि तुला पटत नाय.

राहीनं मला भाऊबीजेचं सगळं सांगितलं. तिनं ओवाळलं, तू साडी पुढं केलीस, तिनं ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला ओवाळणीत हंसा घाल." चंद्रकांतानं तोंडाला पदर लावला. निरांजन जळून संपत आलं तरी तू पाटावर बसून होतास. मग पोरीला हाक मारलीस आणि तिचा हात राहीच्या हातात दिलास. राही म्हणाली, "आय, तो रडला." मी म्हटलं, काजळी गेली असेल डोळ्यात. बहिणीनं ताट पुढं करून मागितलेलं नाय म्हणता येत नाय, हे तुला आठवलं, एवढं पुष्कळ झालं.

राहीकडं गोबरगॅस हाय. त्यावरून मी तिला दहा वर्षं बोलत आले. शेणाच्या वाफेवरचा भात म्हणून तिच्या घरी जेवत नव्हते, पाणी पिऊन यायची. मागच्या रविवारी जेवले. भातासारखाच लागतो. जावयानं मुद्दाम विचारलं, "काय सासूबाय, वास येतो?" मी म्हटलं, "तुमच्या बोलण्याचा येतो, भाताचा नाय." तो दिवसभर हसत होता, मूर्ख माणूस हाय पण गुरं चांगली ठेवतो.

हंसा पळते. वाडीत केळींमधून वासरामागं पळते, मी डोळ्यांनी बघितलं. विहिरीपर्यंत जाऊन परत येते आणि बोलू शकते. अंगावर मांस आलं. राहीच्या पोरींना शिव्या पण द्यायला लागली, त्यातल्या दोन माझ्या हायत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

मी गेले तेव्हा पोर धावत येऊन मला मिठी मारायला लागली, आणि तोंड माझ्या लुगड्यात घातलं तशी खोकायला लागली. बाजूला झाली. म्हणाली, "आजी, तुझ्या लुगड्याला धूर येतो ग." मी ते लुगडं त्याच सकाळी धुतलं होतं. राहीनं मला ओटीवर पाट दिला. शहाणी हाय. राही म्हणते, तू मागच्या पंधरवड्यात गेला होतास तेव्हा पण असंच झालं, तुझ्या खाकीला धरून पोर खोकली, आणि तू चहा न घेता स्टेशनला परत गेलास.

तसं जायचं नाय. पोरीला वाटतं बाबा रागावला.

माझी चूल मी विझवू शकत नाय, मला दुसरं येत नाय आणि सुकटीला धूर लागतो. तुझा शेठ तर काय विझवतो. त्यानं आमच्या वेशीवर पाटी लावलीय, "निर्धूर गाव", नारळ फोडून, फोटो काढून. पाटी वाचायला मान वर केली की मागं बोईसरच्या बाजूचं आभाळ दिसतं, भर सकाळी संध्याकाळसारखं.

तर मी असं ठरवलंय. दर रविवारी पहिल्या यष्टीनं बोईसर, तिथून शटल गाडीनं सफाळे, मग माकुणसारला राहीकडं. मिठी नाय, मांडीवर घेणं नाय. राहीच्या ओटीवर बसायचं. पोर अंगणात खेळते, लांबून सगळं सांगते, मोठ्यानं बोलते, कारण आता तिला मोठ्यानं बोलता येतं.

ओटी रुंद हाय. तू पण त्याच गाडीनं येत जा. मला तुझ्याशी बोलायचं काही नाय, तेव्हा हळू बोल असं सांगायची तुला गरज पडणार नाय. त्या टोकाला बस.

आय